बाहीपुरतं गाणं

माझे सासरे बेसूर गातात. ही सुनेची कुरकूर नाही. एखाद्याची उंची सांगावी तसं सांगते आहे. त्यांचं धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं. ते भाच्याच्या हवाली केलं तरी हात काही स्वस्थ बसेना, म्हणून आता ते घरातल्या कपड्यांना इस्त्री करतात, आणि ते संपले की शेजाऱ्यांचे मागून आणतात. इस्त्री हातात आली की त्यांचा गळा सुटतो. गाणं एकच, नावेतून निघालेल्या कुणाचं तरी, फार जुनं. पहिल्या दोन ओळी त्यांना येतात, म्हणजे नावेच्या जागी दिवा आणि दिव्याच्या जागी वारा घालून येतात. तिसरी ओळ मात्र त्यांना आयुष्यात कधी आठवली नाही. तिथे ते 'ला ला ला ला' करून वेळ मारून नेतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. सगळी गल्ली त्यांना बुवा म्हणते. त्यांना तो मान वाटतो, आणि त्यांचा हा गैरसमज दूर करण्याचा धीर कुणाला झालेला नाही.

सासूबाई त्यांच्या अगदी उलट. स्वेटरच्या कारखान्यात जन्म गेला त्यांचा. गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या घरी बसल्या. घरी बसल्या म्हणजे खरंच बसून राहिल्या. खिडकीबाहेर बघत, कुणाशी न बोलता. त्यांचं ते बसणं मला बघवेना. मग मी एक दिवस फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला आणि म्हटलं, "आई, मला मोजा विणायला शिकवा." मोजा मला आजतागायत विणता आलेला नाही, पण तो धडा मी विणकामाच्या एका साइटवर टाकला आणि बायका जमत गेल्या. कुणी आजारी आईच्या उशाशी बसून विणणारी, कुणी दुकानाच्या गल्ल्यावर बसून. सगळ्या त्यांना 'बाई' म्हणतात. सासूबाईंचा चेहरा परत पहिल्यासारखा झाला. पुन्हा त्या मला ओरडायला लागल्या, तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला.

धडे आम्ही मागच्या खोलीत करतो, तिथे उजेड चांगला असतो. पलीकडच्या खोलीत बुवांचं इस्त्रीचं टेबल. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. त्यामुळे प्रत्येक धड्यात मागे बुवांचं गाणं आहे आणि प्रत्येक धड्यात एकदा तरी सासूबाईंचं "अहो, जरा हळू!" आहे. बुवा हळू होतात, पण बंद होत नाहीत.

आणि मग ते विधेयक आलं. सरकारचा मसुदा माझ्या नवऱ्याने जेवायच्या टेबलावर वाचून दाखवला. तो छापखान्यात मजकूर तपासतो, त्यामुळे अर्थाआधी त्याला त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाच दिसल्या. अर्थ असा होता: कुठल्याही साइटवर कुणाचं गाणं, चित्र, सिनेमाचा तुकडा परवानगीशिवाय दिसला आणि मालकाने तक्रार केली, की अख्खी साइटच बंद. चौकशी नंतर. सरकारला ठीक न वाटलेला मजकूरही त्याच दाराने बाहेर.

"चोरांना धरायला आहे ना?" बुवांनी विचारलं.

"हो बाबा. फक्त चोर एका घरात शिरला म्हणून सगळ्या गल्लीला टाळं ठोकणार आहेत."

आठवडाभरात साइट चालवणाऱ्या मॅडमचा फोन आला. त्या एकट्या बाई, नोकरी सांभाळून हौसेने साइट चालवतात. कायदा व्हायच्या आधी खबरदारी म्हणून त्यांनी गाणी ओळखणारं एक यंत्र साइटला जोडलं होतं. त्याने आमच्या एकूण एक धड्यांवर लाल शिक्का मारला होता. मॅडम रडकुंडीला आल्या होत्या. "ताई, राग मानू नका. मागचं गाणं काढा, नाहीतर मला धडे काढावे लागतील. एका तक्रारीत सगळ्यांचंच जाईल हो."

यंत्राने ओळखलेलं गाणं कुठलं, ते मी विचारलं. त्यांनी सांगितलं ते अलीकडच्या एका सिनेमातलं नाचाचं गाणं होतं. बुवांनी ते जन्मात ऐकलेलं नव्हतं. पण बातमी कळल्यावर त्यांची छाती फुगली.

"अगं, ऐकलंस का? माझं गाणं ओळखलं!"

"चुकीचं ओळखलंय."

"पण गाणं आहे, एवढं तर ओळखलं! तुला तेही मान्य नव्हतं."

सासूबाईंना आधी आनंदच झाला. "बघा," त्या म्हणाल्या, "शेवटी सरकारलाच मध्ये पडावं लागलं. आता तरी गप्प बसा."

आणि बुवा खरंच गप्प बसले. हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल मांडलं, पाणी शिंपडलं, आणि तोंडाला कुलूप लावून चादरींना इस्त्री केली. फळ्यांपलीकडून नुसता वाफेचा फुस्स आवाज यायचा. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. नवा धडा लहान मुलाच्या स्वेटरचा होता; विणकाम होईल तसा मी तो रोज थोडाथोडा साइटवर टाकत होते. सासूबाईंनी बाह्या विणायला घेतल्या. बाही मनगटापासून खांद्याकडे विणत न्यायची आणि ठरावीक ओळींनंतर दोन्हीकडे एकेक टाका वाढवायचा, म्हणजे ती वर रुंदावत जाते. ओळी मोजायला सासूबाई कधी खुणा करत नाहीत. "माझं गणित डोक्यात पक्कं असतं," असं त्या पहिल्या धड्यापासून सांगत आल्या आहेत.

दोन्ही बाह्या झाल्या आणि त्यांनी त्या कॅमेऱ्यासमोर एकावर एक ठेवल्या. एक बाही बाळाची होती आणि दुसरी त्याच्या काकाची.

मी हसले, आणि लगेच जीभ चावली, कारण सासूबाई हसत नव्हत्या. त्यांनी दुसरी बाही उसवली, परत विणली. ती आखूड झाली. परत उसवली, विणली, तर पुन्हा काकाची झाली. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी सगळ्या सुया पुसून बिस्किटांच्या डब्यात भरल्या आणि झाकण दाबून लावलं.

"संपलं," त्या म्हणाल्या. "गुडघे गेले, आता डोकंही गेलं. मॅडमना सांग, धडे काढून टाका. मला दोन बाह्या सारख्या विणता येत नाहीत, मी कुणाला काय शिकवू?"

डोळ्यांसमोर ती खिडकी आली आणि तिच्यासमोरची ती गप्प पाठ. मी त्यांच्याशी भांडले, डबा उघडला, त्यांनी तो परत लावला. त्या खिडकीशी जाऊन बसल्या.

मॅडमना फोन करण्याआधी मी त्या नव्या धड्याखाली आलेले निरोप वाचले. 'बाई, माझ्याही बाह्या लहानमोठ्या झाल्या.' 'बाई, इथे टाका कुठे वाढवायचा ते कळलं नाही.' 'बुवांची तब्येत बरी आहे ना? आम्ही तर त्यांच्या ला ला ला ला टाका वाढवतो.'

शेवटचा निरोप मी परत वाचला. मग जुना धडा लावला. बुवांची पहिली ओळ, सासूबाईंच्या सुया चालल्या आहेत. दुसरी ओळ, चालल्या आहेत. 'ला ला ला ला', आणि सासूबाईंचा अंगठा किंचित उचलला, एक टाका वाढला. गाणं पुन्हा पहिल्यापासून. दुसरा धडा लावला, तिसरा लावला. गणित त्यांच्या डोक्यात नव्हतंच. ते फळ्यांपलीकडे इस्त्री करत होतं.

मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी धडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, जणू मीच काहीतरी लबाडी केली आहे.

"योगायोग आहे," त्या म्हणाल्या. मग आणखी एक धडा पाहिला. मग नाक पुसलं आणि हाक मारली, "अहो! जरा गा बघू."

बुवा दारात आले. "नको गं. तुझी शाळा बंद पडेल माझ्यापायी. एवढ्या बायका येतात तुझ्याकडे. माझं काय, मी मनात म्हणतो."

मला वाटत होतं ते रुसून गप्प बसलेत. रुसवा नव्हताच तो. सासूबाईंनी सुयांचा डबा पुढे ओढला.

"या माणसाला गप्प करायचा हक्क माझा आहे," त्या मला म्हणाल्या. "आजवर मी एकटीने चालवलाय. तो सरकारला कुणी दिला?"

विधेयकावर लोकांचं म्हणणं ऐकून घेण्यासाठी सुनावणी ठेवली होती. त्या दिवशी देशभरातल्या कितीतरी साइट निषेध म्हणून अंधारात होत्या. विणकामाची साइट उघडली तरी नुसता काळा पडदा दिसायचा. आम्ही टॅक्सीने गेलो. सभागृहाबाहेर ही गर्दी! व्यंगचित्रं काढणारी एक मुलगी स्वतःच्या चित्रांवर काळे चौकोन चिकटवून उभी होती. ग्रंथपाल होते, फोटोग्राफर होते, शिक्षक होते. आणि पायऱ्यांवर लोकरीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. "बाई आल्या!" त्या ओरडल्या, आणि सासूबाईंचे गुडघे त्या दिवसापुरते दुखायचं विसरले.

आत समितीचे सदस्य एका लांब टेबलामागे बसले होते. आमची पाळी येईपर्यंत दुपार झाली. सासूबाईंनी माइकसमोर दोन स्वेटर धरले, एक आधीचा आणि एक नंतरचा. "हा माझा नवरा गात असताना विणलाय," त्या म्हणाल्या, "आणि हा तुमच्या कायद्याच्या भीतीने तो गप्प असताना. बघा." काकाची बाही लोंबत होती. मागून हशा पिकला.

गाण्यांच्या कंपन्यांच्या बाजूचा वकील सभ्य होता. "बाई, तुमच्याशी कुणाचं भांडण नाही. पण ज्यांनी ते गाणं रचलं, त्यांचंही पोट आहे ना?"

"आहेच. माझा नमुना कुणी स्वतःच्या नावावर खपवला तर मलाही राग येतो. त्या एकाला धरा. सगळ्यांची दारं कशाला बंद करता?"

"बरं, गाणं तरी कुठलं आहे हे?"

सासूबाईंनी बुवांना खूण केली. बुवा उभे राहिले, कोट नीट केला, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. हात रिकामे होते. इस्त्रीवाचून त्यांना कधी गाता आलंय? त्यांनी टेबलाच्या कडेवर हात फिरवून पाहिला. त्यांचे कान लाल झाले आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून सुया काढल्या, उभ्याउभ्याच दोन टाके विणले, आणि गायला लागल्या.

मी त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी नावेच्या जागी दिवा म्हटला. दिव्याच्या जागी वारा म्हटला. बुवांचा सूर जिथे घसरतो, तिथे त्यांचाही नेमका घसरला. बुवा जिथे धाप लागल्यासारखा श्वास घेतात, तिथे त्यांनीही घेतला. आणि तिसऱ्या ओळीला मागच्या रांगांतून लोकर घेऊन आलेल्या सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, 'ला ला ला ला'. बुवा उभेच होते. ते बायकोकडे असं बघत होते की मीच नजर दुसरीकडे वळवली. माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं मला काही कारणही नव्हतं.

समितीच्या टेबलावर मात्र जुंपली. एक सदस्य म्हणाले, हे अंगाईगीत आहे. दुसरे म्हणाले, छे, शाळेतली प्रार्थना. वकिलाने फोनवरच्या यंत्राला विचारलं, तर त्याने कुठल्याशा पंख्याच्या जाहिरातीचं नाव दिलं. वकिलाने फोन खिशात घातला आणि तोही हसायला लागला.

विधेयक पुढे बारगळलं. आमच्या बाहीने बारगळलं असं मी म्हणणार नाही, जरी सासूबाई तसं सूचित करतात. लाखो लोकांनी विरोध कळवला होता, त्यात आमची एक बाही. नवऱ्याच्या मते ते नाव बदलून परत येईल. येऊ दे. बायकांना आता सभागृहाचा रस्ता ठाऊक झाला आहे. मॅडमनी यंत्र काढून टाकलं आणि धड्यांवरचे लाल शिक्के गेले.

एक गंमत राहिली. सुनावणीनंतर समितीतल्या एक वयस्क बाई जिन्यात बुवांजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी ओळखलं हो ते गाणं. माझे वडील म्हणायचे." आणि त्यांनी बुवांच्या कानात ती हरवलेली तिसरी ओळ सांगितली. टॅक्सीत बुवा अख्ख्या वाटेने ओठ हलवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन पुस्तकांना टेकवला. सासूबाईंनी डबा उघडून सुया घेतल्या, लोकर बोटावर घेतली. पलीकडे पाणी शिंपडल्याचा आवाज आला. पहिली ओळ. दुसरी ओळ. आणि मग बुवांनी छाती भरून, अगदी बरोबर शब्दांत, तिसरी ओळ म्हटली. सुंदर ओळ होती ती, खरंच.

सासूबाईंच्या सुया थांबल्या. त्यांनी बाहीकडे पाहिलं, मग फळ्यांच्या भिंतीकडे.

"अहो!" त्या ओरडल्या. "हे काय भलतंच? माझं ला ला कुठे गेलं?"

पलीकडे इस्त्री टेबलावर सरकली आणि बुवांनी गाणं पहिल्यापासून घेतलं. या वेळी तिसऱ्या ओळीशी त्यांनी 'ला ला ला ला' केलं. सासूबाईंचा अंगठा उचलला आणि टाका वाढला.