तीनशे बाराची चोरी

बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि मशीनवर साखरेचा आकडा आला: तीनशे बारा. रुक्मिणीबाईंनी तो नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "काय खाल्ल्यात?"

"काय नाय गो," दशरथ म्हणाले.

मशीन खोटं बोलत नाही आणि नवरा बोलतो, हा बाईंचा चाळीस वर्षांचा अनुभव. शिवाय मशीन मुलाने, हर्षदने आणलेलं, नावाजलेल्या कंपनीचं. मग काय, बाई पोलीस झाल्या. गूळ, केळी, देवापुढचा पेढासुद्धा कुलपात गेला. घाटकोपरच्या त्या चार मजली इमारतीत घरोघर ताकीद दिली: आमच्या ह्यांना चहासुद्धा देऊ नका, चोरून गोड खातात. आकडे ऐकून डॉक्टरांनी फोनवरच गोळ्या दुप्पट केल्या. त्यानंतर रोज दुपारी दशरथांना दरदरून घाम फुटे, हात थरथरत. बाई म्हणत, "चोराच्या मनात चांदणं!" दोन आठवडे असं छळल्यावर म्हाताऱ्याने मान खाली घालून कबूल केलं, हो, खाल्लं केळं.

बाई जिंकल्या.

आणि शनिवारी हर्षदच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला. या तुकडीतली मशीनं साखर बरीच जास्त दाखवतात, वापर ताबडतोब थांबवा. नवीन मशीन घरपोच मिळेल, सोबत पंचवीस पट्ट्या भेट. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खाली हात जोडलेल्या हसऱ्या बाईचं चित्र.

हर्षदने वडिलांना तडक लॅबमध्ये नेलं. साखर सत्तरच्याही खाली, धोक्याइतकी कमी; रोजचा घाम त्याचाच. जादा गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या.

रुक्मिणीबाईंना शिसारी आली. गैरसोय? नळाला पाणी आलं नाही तर ती गैरसोय! इथे चांगल्या माणसाला चोर ठरवलं, विषासारख्या गोळ्या चारल्या, आणि हे मेले पट्ट्या वाटतायत, लग्नात पेढे वाटावेत तशा. पण सगळ्यात जास्त किळस आली ती स्वतःच्या जिभेची. एकदा लॅबमध्ये तपासू, एवढी साधी गोष्ट ना त्यांना सुचली, ना त्या डॉक्टरला.

बाई दशरथांच्या खाटेशी बसल्या. "मशीनच खोटा निघाला वो. मगे केळा खाल्लंय म्हणान कबूल कित्याक केल्यात?"

"तू येवढी छातीठोक सांगी होतंस," दशरथ म्हणाले. "माका वाटला, मीच खाल्लंय नि इसारलंय. माझ्या आवशीचा शेवटाक असाच झालेला. म्हणान खाली जाणा सोडलंय. परतताना घर गावला नाय तर?"

सासूबाईंना शेवटी काहीच आठवेनासं झालं होतं. गेले आठ दिवस दशरथ रुसून घरात बसलेत, असं बाई धरून चालल्या होत्या.

उभ्या जन्मात उंबरा ओलांडताना बायकोला कधीही न विचारलेला तो माणूस हळूच म्हणाला, "आता जाव काय गो खाली, एकटो?"