संपेपर्यंत थांबा

शब्दकोडी रचणाऱ्या माणसाला बोलणं जड जात असेल, यावर कुणाचा पटकन विश्वास बसत नसे. गल्लीतली मुलं त्याला कोडेकाका म्हणत. हातपाय आणि जीभ जन्मापासूनच त्याचं ऐकत नसत. शब्द बाहेर काढायचा तर आधी मान एका बाजूला वळे, ओठ नुसतेच उघडमीट करत, आणि मग शब्द येई. येई तो मात्र नेमका. एका साप्ताहिकात त्याचं कोडं छापून यायचं आणि ते सोडवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे.

तो थोरल्या बहिणीकडे राहायचा. ताई बेकरीत पहाटपाळीला जायची, म्हणून सकाळी त्याची आंघोळ, कपडे, खाणं बघायला एक मदतनीस बाई येत. त्यांचा पगार सरकारच्या अपंग भत्त्यातून भागायचा.

पूर्वी या भत्त्यासाठी दरवर्षी कचेरीत जाऊन ‘मी आहे तसाच आहे’ हे दाखवावं लागे. नव्या अधिकारी बाई आल्या आणि त्यांनी ही कटकट बंद केली. आता मशीनच घरी फोन करायचं, नाव आणि जन्मतारीख विचारायचं. उत्तर दिलं की झालं वर्षाचं काम. लोकांनी बाईंना दुवा दिला.

कोडेकाकालाही फोन आला. तो नावाच्या पहिल्या अक्षराशी झगडत होता तोवर फोन कट. पुन्हा आला, पुन्हा तेच. पुढच्या महिन्यात भत्ता बंद झाला. कारण काय, तर ‘लाभार्थ्याकडून प्रतिसाद नाही’. मदतनीस बाईंनी थोडी कळ काढली, मग नाइलाजाने दुसरं घर धरलं. ताईने पहाटपाळी सोडली आणि घरात दोघंही एकमेकांवर उगाच खेकसू लागले.

शेवटी दोघं कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने चाकाच्या खुर्चीकडे एकदा बघितलं आणि ताईला विचारलं, “यांचं काय काम आहे?”

“म... म...” कोडेकाकाने सुरुवात केली.

“मला विचारा, असं म्हणतोय तो,” ताई म्हणाली. “अहो, त्याचा भत्ता...” आणि तिने सगळं घडाघडा सांगून टाकलं.

आवाज ऐकून अधिकारी बाई बाहेर आल्या. “असं होणार नाही. मशीन थांबतं की उत्तरासाठी.”

“ला... वा,” कोडेकाका म्हणाला. “आत्ता... फोन.”

बाईंनी खरंच फोन लावायला सांगितलं. त्याच्या मांडीवरचा मोबाइल वाजला. सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याने तो सुरू केला. ‘कृपया आपलं नाव सांगा.’ त्याची मान वळली, गळ्याच्या शिरा ताठल्या, ओठ हलले. रांगेतली माणसं श्वास रोखून बघू लागली. ‘आपला प्रतिसाद मिळाला नाही. धन्यवाद.’

मग कोडेकाकालाच हसू फुटलं. “धन्य... वाद... तरी... म्हणतं!” सगळी रांग हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसल्या.

“तुमचे हेलपाटे वाचावेत म्हणून केलं हो मी हे.”

“मा... झे... वाढले.”

“किती वेळ थांबायला हवं मशीनने?”

ताईने तोंड उघडलं, पण त्याने हात उचलून तिला थांबवलं. बराच वेळ गेला. मागून कुणीतरी खाकरलं.

“सं... पे... पर्यंत.”

बाईंनी त्याच दिवशी त्याचा भत्ता सुरू करायला सांगितलं. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. ‘प्रतिसाद नाही’ शेरा पडलेल्यांच्या घरी त्यांनी माणसं पाठवली. कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाला अर्धांगवायू झाला होता, तर कुणाचा फोन भावाच्या खिशात असायचा. वरिष्ठ वैतागले. “चालू गाडीला कशाला खीळ घालताय?” त्यांनी बाईंना भत्ता समितीच्या बैठकीत बाजू मांडायला सांगितलं. बाईंनी घरी येऊन कोडेकाकालाच तिथे बोलायला बोलावलं.

“येतो,” तो म्हणाला. “एक... टा.”

ताईला ते चांगलंच लागलं. बाई गेल्यावर ती भांडी आपटत म्हणाली, “इतकी वर्षं तुझ्यासाठी बोलले, आता मी नकोशी झाले!”

“तू... हवी. घरी.” मग दम घेऊन, “तू... बोल... लीस की... ते... तुझ्या... कडे... बघतात.”

ताई रात्रभर रुसली, पण सकाळी सदरा तिनेच इस्त्री करून दिला.

बैठकीत त्याने सांगितलं, मशीन काढा, माणसाने फोन करावा आणि घाई करू नये. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. वरिष्ठांनी दोनदा घड्याळ बघितलं. बाईंच्या ओठांवर पुढचा शब्द आला होता, पण त्यांनी तो गिळला. त्याचं बोलून झाल्यावर कोपऱ्यातला, असाच भत्ता बंद झालेला एक कर्णबधिर सुतार हाताने बोलू लागला आणि शेजारी बसलेली त्याची बायको ते सांगू लागली: “ते म्हणताहेत, अहो कोडेवाले, तुम्हीही फोनच धरून बसलात. मला माणसाचाही फोन ऐकू येत नाही.”

कोडेकाकाचा चेहरा लाल झाला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. “चुक... लं... माझं,” तो म्हणाला. सुताराने अंगठा वर केला. त्यानंतर कुठे बैठकीत जान आली. वरिष्ठांनीसुद्धा घड्याळ खिशात टाकलं आणि विचारलं, “मग ज्याचं त्यालाच ठरवू द्यायचं का?”

तेच ठरलं. फोन, लेखी निरोप, नाहीतर घरी भेट, ज्याला जे जमेल ते त्याने आधीच सांगायचं. आणि उत्तर आलं नाही म्हणून भत्ता थांबवायचा नाही. आधी कुणीतरी दारापर्यंत जायचं. हे सगळं एका दमात झालं नाही. माणसं कमी पडली, दोन गावांत काम रखडलं, अडकलेले पैसे तुकड्यातुकड्यांनी आले. पण आले. फोनवर बसणाऱ्या कारकुनांना शिकवायला कोडेकाका आणि सुतार दोघंही जाऊ लागले, आणि त्याचं मानधनही मिळू लागलं.

जुन्या मदतनीस बाई काही परत आल्या नाहीत. नवीन आल्या त्या बडबड्या, आंघोळ घालताना शेजारच्या सुनेपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांची खबर देणाऱ्या. ताई पुन्हा पहाटे बेकरीत जायला लागली. मालकाने तिला भट्टीवरून काढून केकच्या टेबलावर घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात तिने साखरेच्या गुलाबांचा एक वाकडातिकडा केक घरी आणला.

“कसा झालाय?” तिने विचारलं आणि समोरच्या खुर्चीवर बसून राहिली.

त्याची मान वळली, ओठ हलले. ताई हाताची घडी घालून बघत राहिली.

“गु... लाब,” तो म्हणाला, “को... बी... सारखे.”

“मेल्या!” म्हणत ताईने त्याच्या पुढ्यातली बशी ओढून घेतली, आणि हसत हसत सगळ्यांत मोठा तुकडा त्यालाच कापून दिला.