लाभ, मग दोन

मी टांगता वजनकाटा बोलतोय. पोटात स्प्रिंग, तोंड घड्याळासारखं गोल, खाली आकडा आणि आकड्याला निळ्या कापडाची झोळी. त्या झोळीत लेकरू बसवायचं, त्याचे पाय दोन भोकांतून बाहेर काढायचे, की ते भोकाड पसरतं. सगळीच पसरतात. मी मनाला लावून घेत नाही.

माझा स्वभाव सरळ. कुणाच्या लाडाखातर मी कधी पन्नास ग्रॅमसुद्धा वाढवून सांगितले नाहीत. या सरळपणाचा मला फार तोरा होता. तो कसा उतरला, तेच सांगतो.

मला खोक्यातून बाहेर काढलं ते मारिसेलनं. ही फिलिपिन्स देशातली सव्वीस वर्षांची नर्स. तिच्या चर्चनं तिला तीन वर्षांसाठी आसगावजवळच्या एका खेड्यात, मिशनच्या दवाखान्यात धाडलं होतं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि समोर तलावाची पाळ. डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे. एरवी माणसं दोनच, ती आणि आया सत्यभामाबाई.

पहिल्या महिन्यात बाया खूप आल्या, नवी सिस्टर बघायलाच जास्त. मारिसेलच्या गावी बाळाचं वजन वाढलं की सगळे टाळ्या वाजवतात म्हणे. तिनं एका गुटगुटीत पोराला झोळीत घातलं आणि चारचौघींत मोठ्यानं म्हणाली, "सात किलो चारशे! शाब्बास!" त्याच दिवशी त्याला लसही टोचली होती. संध्याकाळी त्याचं अंग तापलं. ताप लशीचा, पण नाव आलं माझं. एक तर तोललेलं लेकरू वाढत नाही, त्यात आकडा सगळ्यांसमोर बोलला, म्हणजे नजर लागलीच, असं गावानं ठरवून टाकलं. पुढच्या आठवड्यापासून ओसरी रिकामी.

मग ती एकटी पडली, अगदी एकटी. बाया वाटेत भेटल्या की हसायच्या, घरी बोलावून चहा पाजायच्या, पण लेकरू पदराआड. तिच्याजवळ मराठी शब्द मोजके, ते सकाळीच सत्यभामाबाईंशी बोलून संपायचे. दुपारभर ओसरीत बसून ती हाताला येईल ते माझ्या आकड्याला अडकवायची. सीताफळं, चप्पल, एकदा तर बायबलसुद्धा. आईनं घरून पाठवलेल्या सुक्या आंब्यांची पिशवी मात्र रोज. एक फोड खायची आणि किती उरलं ते बघायला पिशवी पुन्हा टांगायची. फोनवर आईला सांगायची की इथे रोज गर्दी असते, वेळच मिळत नाही. हे तिनं सत्यभामाबाईंना स्वतःच सांगितलं आणि खाली मान घातली. मला फार वाईट वाटलं. लेकरं तोलायला बनलेला मी, आंबे तोलत होतो.

कार्तिकात गावातल्या मनकर्णाबाईंच्या सुनेला, रक्षाला, दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. वजन एक किलो नऊशे. दर आठवड्याला तोला, वाढली नाही तर जिवाला धोका आहे, असं तालुक्याच्या दवाखान्यात बजावून तिला घरी सोडलं. मारिसेल मला पिशवीत घालून त्यांच्या दारात गेली. मनकर्णाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"लेकरू का बाजारात विकाले काढलं हाये, तोलाले?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. लगेच आत वळून चहा ठेवला.

दुसऱ्या खेपेलाही चहाच. तिसऱ्या खेपेला रक्षा आतूनच म्हणाली की सासूबाई खळ्यावर आहेत, त्यांना विचारा. आम्ही खळ्यावर गेलो. मनकर्णाबाई नवं धान पायलीनं मोजत होत्या. पहिली पायली पोत्यात ओतताना म्हणाल्या, "लाभ." मग दोन, मग तीन. मारिसेलनं मोडक्या मराठीत विचारलं, एक कुठे गेला?

"एक म्हनू नये बाई," त्या म्हणाल्या. "एक म्हटला का एकटाच रायते. मांगं दुसरा येत नाही. म्हनून लाभ."

मारिसेल तनसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाशेजारी बसून राहिली. डोळ्यांत धूळ गेली म्हणाली, पण वारा कुठे होता? मग उठली आणि म्हणाली, "आई, मी आकडा बोलणार नाही. मी पण लाभ म्हणीन."

मनकर्णाबाईंनी पायली उपडी ठेवली, हात झटकले आणि त्या घराकडे चालू लागल्या.

दाराच्या चौकटीला मला टांगलं. पोर इतकी हलकी की माझी स्प्रिंग जेमतेम ताणली. तीन आठवड्यांत फक्त पन्नास ग्रॅम वाढ. मी तरी दुसरं काय दाखवणार? मारिसेलचं तोंड उतरलं, पण ती म्हणाली, "लाभ." आकडा वहीत लिहिला आणि वही एकट्या रक्षाला दाखवली. रक्षा बारावी शिकलेली. तिला समजलं.

त्या दिवसापासून मारिसेल रोज त्या घरी. दूध पिळून वाटी-चमच्यानं पाजायचं, बाळाला उघड्या छातीशी बांधून ऊब द्यायची. रक्षा थकली की मनकर्णाबाई नातीला आपल्या लुगड्यात बांधून घ्यायच्या. पुढच्या आठवड्यात दोन किलो शंभर. लाभ. मग दोन तीनशे. लाभ. मनकर्णाबाईंना अंक वाचता येत नाहीत, पण झोळी किती खाली ओढली गेली ते त्या डोळ्यांनी मापायच्या. पोरीचं नाव टीना ठेवलं तेव्हा ती तीन किलोंची झाली होती.

मग ओसरी पुन्हा भरली. आधी मला राग यायचा. खरं सांगायला मला टांगलं आणि माझं खरं वहीत दडवलं! पण खरं कुणाला आणि कसं सांगायचं, हेही यावं लागतं. ते मला येत नव्हतं. त्या परक्या पोरीला आलं.

तीन वर्षं संपली. राहायची परवानगी वाढवून मिळाली नाही. जायच्या सकाळी मारिसेलनं स्वतःची बॅगच मला टांगली, कारण विमानात वीस किलोच चालतं. मनकर्णाबाई घरचा चिन्नोर तांदूळ बांधून घेऊन आल्या होत्या. तिच्या देशात का तांदूळ नाही होत, असं सत्यभामाबाईंनी टोकलं. त्यांनी ऐकलंच नाही. तांदूळ घातला आणि काटा बावीसवर गेला. मारिसेलनं बूट काढले, जाडा शब्दकोश काढला, नवी चादर काढली. तांदळाला हात लावला नाही. काटा विसावर आला. टीना बॅगेला धरून झोके घेऊ बघत होती, तिला रक्षानं उचलून घेतलं.

"आई, किती झालं?" मारिसेलनं विचारलं.

मनकर्णाबाईंनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला.

"लाभ," त्या म्हणाल्या. "आता दोन म्हनाले ये."

गाडी वरठी स्टेशनकडे निघून गेली. टीना तलावाच्या पाळीपर्यंत मागे धावली.

आता दवाखान्यात बॅटरीचं नवं मशीन आलंय. माझी झोळी फरशी पुसायला गेली, पोटातली स्प्रिंग गंजायला लागलीय. सत्यभामाबाई येता-जाता माझ्याकडे बघतात आणि भंगारवाल्याची हाक आली की नजर चुकवतात. बाई, तुम्हाला हात जोडून सांगतो, हात असते तर. लेकरं नका तोलू माझ्यावर, पण मला या ओसरीतून हलवू नका. लाभ म्हणून झालंय, आणि मोजणी अर्ध्यावर सोडत नाहीत.