गौरीपूजनाच्या दिवशीची सही

वॉर्डातल्या कचऱ्याच्या लाल पिशवीला गाठ मारताना अंगठ्यात कचकन टोचलं. ग्लोव्ह काढला तर रक्ताचा ठिपका. सुया टाकायला पांढरा डबा समोर असताना कुण्या शहाण्याने सुई सलाइनच्या नळीसकट पिशवीत कोंबली होती. पिशवी ज्या खाटेजवळची, तिथल्या पेशंटला हिपॅटायटिस बी आहे, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. साबणाने हात धुतला आणि थेट ऋता सिस्टरांकडे गेले. परळच्या आमच्या हॉस्पिटलात कामगारांना देतात त्या हिपॅटायटिसच्या लशीचं रजिस्टर त्यांच्याकडे असतं.

"बसा आधी, बकुळामावशी," म्हणत त्यांनी पान उघडलं. "तिन्ही डोस झालेत की तुमचे. रक्त तपासायला पाठवते, रिपोर्ट आला की बघू. डोस अर्धवट असते तर आजच्या आज वेगळं इंजेक्शन द्यावं लागलं असतं."

तिन्ही? मला दोनच आठवत होते. मी मान लांब करून पाहिलं. तिसऱ्या डोसची तारीख गौरीपूजनाची होती, पुढे माझ्या नावाची सही. त्या दिवशी मी देवरुखला नैवेद्य रांधत होते!

माझं डोकंच फिरलं. तपासणीवाले यायच्या आधी कागद कसे भरले जातात, ते पंधरा वर्षं बघतेय मी. सिस्टरांचा गोड आवाजही मला खोटा वाटायला लागला. आणि मी बघतेय म्हटल्यावर पान मिटायची एवढी घाई कशाला?

"ही सही माझी नाही. कोणी केली? तुम्ही?"

त्यांचा चेहरा उतरला. "मी कशाला करू? रजिस्टर बाहेर टेबलावर असतं. बायका सही करून आत टोचून घ्यायला येतात."

"मग मी मोठ्या डॉक्टरांकडेच जाते!"

तणतणत वळले, तर दारात कालिंदी. माझ्याच वॉर्डातली मावशी. सात वर्षं आम्ही एका डब्यात जेवतोय. माझ्या काळजीने आली म्हणावं, तर आत येईना, नजर देईना. मी तिला पॅसेजमध्ये ओढलं.

"तू?"

"तूच फोन केलेलास ना गं? मस्टरवर सही मार माझी म्हणून. बाजूलाच हे रजिस्टर होतं. एकीकडे हजर नि दुसरीकडे गैरहजर, असं दिसलं तर पकडतील, म्हणून दोन्हीकडे मारली." तिने माझा हात धरला. "सांगू नको गं. कंत्राटातनं काढतील मला."

केला होता मी फोन. आमच्यात हे चालतंच, एकीने दांडी मारली की दुसरीने सही मारायची. शिव्या आता कुणाला घालू?

गप्प राहावं तर आजचं इंजेक्शन गेलं. बोलावं तर हिची नोकरी. आणि तेवढ्यात मला एप्रिल आठवला. जयंतीच्या आदल्या दिवशी कालिंदी मंडळाच्या तयारीला थांबली होती. तेव्हा मस्टरवर तिची सही मी मारली होती, आणि बाजूच्या रजिस्टरवरही. तो तिच्या दुसऱ्या डोसचा दिवस होता. रोज त्याच पिशव्या तीही बांधते. मला स्वतःचीच चीड आली.

मी परत आत गेले. "सिस्टर, चुकले मी. माझा तिसरा डोस झालेला नाही, सही माझ्याच सांगण्यावरून झालीय. आजच टोचा. आणि कालिंदीचा दुसरा राहिलाय. ती सही मी केलीय. वर कळवायचं तर दोघींचीही नावं कळवा."

कालिंदी दारात रडत होती. सिस्टरांनी फोनकडे हात नेला, थांबल्या, आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"मावशी, अजून कुणाकुणाच्या?"

पानावर तीस नावं होती. मी खुर्चीत बसले आणि पहिल्या नावापासून आठवायला लागले.