सोमवार-गुरुवारचं भूत

जयेंद्रगंजातल्या आमच्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात त्या सोमवारी दीडशे माणसं हात जोडून उभी होती. समोर देव नव्हता, नोंदणीच्या खिडकीतला जुना संगणक होता. तो अकरा वाजताच अडला होता आणि साडेबाराला आलेले विद्युतानंद महाराज आता त्याच्यापुढे मांडी घालून बसले होते.

"मशीन में आत्मा अटकी है," ते गरजले. "पहले इसे समाधि में भेजूँगा!"

शिष्यानं बटण दाबलं. पडदा काळा झाला. महाराज एकशे आठ वेळा काहीबाही पुटपुटले, विभूती फुंकून "उठ!" म्हणाले. शिष्यानं पुन्हा बटण दाबलं. यंत्र जागं होऊन नावं घेऊ लागलं आणि एकच जयजयकार झाला. मी, यशोधन, तिथला डोळ्यांचा डॉक्टर. मीही हात जोडले होते. विश्वास होता म्हणून नव्हे. शेजारी विश्वस्त जगदेवराव उभे होते म्हणून.

यंत्र युनिक्स नावाच्या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारं, वीस वर्षांचं. बसवून देणाऱ्यानं बजावलं होतं, काम चालू असताना बंद केलंत तर नोंदी जातील. त्यामुळे सकाळी सुरू, संध्याकाळी बंद. मध्ये हात लावायची कुणाची छाती नव्हती. दोन महिन्यांपूर्वी दालनात रुग्णांची नावं दाखवणारा मोठा पडदा लावला. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारच्या आत 'मेमरी अपुरी' असा संदेश यायचा आणि सगळं ठप्प.

या दोन दिवशी खिडकीवर शामलाबाई असत, बाकीचे दिवस शिखा. जगदेवरावांनी महाराजांना बोलावलं. महाराजांनी पहिल्याच भेटीत चौकशी केली, "इन दिनों कौन बैठता है?" मग शामलाबाईंच्या मोकळ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "विधवा का हाथ. इसी की छाया है."

शामलाबाई अकरा वर्षं तिथं काम करत होत्या. मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तरी बोला ना."

"बघतो," मी म्हणालो. जगदेवरावांनी त्यांना काढून टाकलं. यंत्र अडतच राहिलं. "छाया जाने में टाइम लगता है," असं सांगून महाराज आठवड्यातून दोनदा येऊ लागले.

तर त्या सोमवारी जयजयकार ओसरला आणि बाकावरून ओकारीचा आवाज आला. सुलोचनाबाई डोकं गच्च धरून बसल्या होत्या, उजवा डोळा लालबुंद. सोबत त्यांची नातसून प्रांजली. ती पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवते.

"दोन तास झाले इथे बसून!" ती माझ्यावर ओरडली. "नोंदणीची पर्ची नाही तर डॉक्टर नाही, असं सांगितलं आम्हाला."

काचबिंदूचा तीव्र झटका होता. मी डोळ्यातला दाब उतरवला, पण त्या डोळ्याची नजर परत आली नाही. दुखणं आदल्या दिवसापासूनचं. दोन तास आधी तपासलं असतं तर नजर वाचली असती, असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. नसती वाचली, असंही सांगू शकत नाही.

गुरुवारी प्रांजली एकटी आली. यंत्र अडलेलंच होतं.

"महाराज, आज फक्त मंत्र म्हणा. बटणाला कुणी हात लावायचा नाही."

"बेटी, विधि अधूरी रहेगी."

"करके तो दिखाओ!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. महाराजांनी जप दोनदा केला. यंत्र ढिम्म. मग प्रांजलीनं तोंडातून अवाक्षर न काढता ते बंद करून पुन्हा सुरू केलं. लगेच चाललं.

"मेरे जप का असर देर से हुआ," महाराज म्हणाले. आणि खरं सांगतो, चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

"मग भूतच दाखवते," प्रांजली म्हणाली. चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी काढून ती दर दहा मिनिटांनी त्यांचं आकारमान कागदावर लिहीत गेली. बाकीचे होते तेवढेच राहिले. नावं दाखवणारा प्रोग्राम मात्र फुगत चालला होता.

"मेमरी म्हणजे कामाचं टेबल," तिनं जगदेवरावांना समजावलं. "टेबल भरलं की संगणक जास्तीचं सामान डिस्कवरच्या राखीव जागेत ठेवतो. तिला स्वॅप म्हणतात. हा पडदा पुकारलेली नावं टाकून देत नाही, साठवत बसतो. आधी टेबल भरतं, मग राखीव जागा भरते आणि काम थांबतं. बंद केलं की सगळं रिकामं होतं. समाधी ती एवढीच."

"पण सोमवार-गुरुवारच का?"

"त्या दिवशी मोफत तपासणी असते ना? चौपट माणसं येतात. शिखाच्या दिवशी जागा भरायच्या आत संध्याकाळ होते. सोमवारी तेव्हा शामलाबाईंच्या जागी शिखा बसत असती तर तुम्ही शिखाला काढलं असतं."

शिष्य आधी संगणक दुरुस्तीच्या दुकानात होता. तो हळूच म्हणाला, "ऑफ-ऑन से नब्बे परसेंट मशीनें चल जाती हैं, मैडम."

प्रांजलीनं डिस्कवरची राखीव जागा वाढवली, पडद्याचा प्रोग्राम दर दोन तासांनी आपोआप नव्यानं सुरू व्हावा अशी सोय केली आणि पुढच्या आठवड्यात त्यातली चूकच काढून टाकली. त्यानंतर यंत्र एकदाही अडलं नाही.

जगदेवराव आणि मी दाल बाजारात शामलाबाईंच्या घरी गेलो. "परत या," जगदेवराव म्हणाले.

शामलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरसाहेब, माझ्या हातात काही दोष नाही, हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग आज काय नवीन सांगायला आलात?" त्यांनी दार लावून घेतलं.

महाराज आता दुसऱ्या कुठल्या संस्थेत यंत्रं उठवत असतील. तुमच्याकडे आले तर मंत्र आणि बटण वेगळं करून पाहा. त्याला कुठलीही पदवी लागत नाही. आणि कुणाच्या हातावर, कपाळावर, नशिबावर दोष ढकलला जात असेल तर तिथंच, त्याच क्षणी पुरावा मागा. मी मागितला नाही.