उलट पिळाच्या आठ गुंड्या

विणकर भीमराजची चिठ्ठी, पोस्टकार्डाच्या अर्ध्या तुकड्यावर: शाळेचं सूत भेटलं. त्यातल्या आठ गुंड्या उलट पिळाच्या हायेत. बाकी सुतासंग चालत नाईत, वापस करून राह्यलो. नावाच्या चिठ्ठ्या पान्यानं भिजल्या, वाचता येत नाईत.

बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात. माणसाच्या चार.

शनिवारी दुपारी चारला अमरावतीची बस. टपावर डाकेची पिशवी.

पिंजाऱ्याच्या घरी कापूस तोलून येतो, तोलून जातो. मधल्या वेळात तो हवेत असतो.

“उजव्या हातात तकली. डाव्या हातात कापसाचा पेळू. सगळे माझ्याकडे पाहा.”

तेवीस.

तेवीस म्हणजे नेरच्या एका शाळेतला मॅट्रिकचा वर्ग. जानेवारी १९५९. एकोणीस मुलं, चार मुली, आणि समोर टेस्ट. मॅट्रिकच्या आधी शाळा स्वतःच घेते ती परीक्षा. टेस्टमध्ये जो अडला त्याचा फॉर्म नागपूरला जात नाही, आणि फॉर्म गेला नाही तर वर्ष गेलं. नुसते पेपर लिहून भागत नाही. वर्षभराचं कामही दाखवावं लागतं: विज्ञानाच्या वहीत बारा आकृत्या, आणि स्वतः कातलेल्या सुताच्या चार गुंड्या. गुंडी म्हणजे चार-चार फुटांचे सहाशे चाळीस तार. दोन्ही कामांवर किसनराव सरांची सही लागते.

सोमवारी सर चिठ्ठी घेऊन वर्गात आले. त्यांनी ती दोनदा वाचली. मग परत आलेल्या एका गुंडीतून वीतभर तार तोडला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

“उजव्या हातानं तकली फिरवली की पीळ एका अंगाला बसतो. तुमचा, माझा, सगळ्यांचा तोच. आता हे पाहा.”

त्यांनी तार चिमटीत धरून उजवीकडे वळला. तो घट्ट व्हायला हवा होता. तो उघडला. सरांच्या बोटांत सूत राहिलं नाही, कापूस राहिला.

“आठ गुंड्या. चार-चार म्हणजे दोघांच्या. कोणाच्या?”

त्यांनी बाकामागून बाक नजर फिरवली.

“बरं. बुधवारी हस्तकामाची टेस्ट. एकेकानं माझ्यासमोर बसून कातायचं. ज्याचा पीळ या सुताशी जुळंल, त्याचं हे सूत. नाहीच कोणाचा जुळला, तर सूत बाहेरून आणलं असं मी लिहीन. मग कुठून आणलं ते शोधायला मला दूर जावं लागणार नाही. गावात कापूस कोणाच्या घरी उडतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

मुलींच्या बाकावर रौशनने मान खाली घातली. ती रहमत पिंजाऱ्याची मुलगी. तिच्या शेजारी पोस्टमास्तर सदाशिवरावांची पद्मजा बसली होती. तिने मान खाली घातली नाही, म्हणून ती जास्त घाबरलेली दिसत होती.

विहिरीमागे, मधल्या सुटीत.

“तू उजव्या हातानंच कात, रौशन.”

“उजव्यानं माह्यं सूत कसं निघते तुले माहीत नाई? सुतळी निघते.”

“निघू दे ना. वर्गात दोन वर्षं तशीच निघते. कोणाचंच जुळलं नाही की संपलं.”

“संपत नाई, बापा. सर माह्या घरी येतीन. तुही माय कातते म्हणतीन. अन् माह्या सहीचं काय?”

पद्मजाने विहिरीच्या काठावरचा खडा आत टाकला. पाण्याचा आवाज यायला वेळ लागला.

“तुझ्या वहीतला बेडूक कोणी काढला?” तिने विचारलं.

जुलैमध्ये ठरलं होतं ते. शेजारणी एकमेकींकडून वाटीभर साखर उसनी नेतात, इतक्या सहज. रौशनच्या हातचा बेडूक दुधी भोपळ्यासारखा दिसायचा. पद्मजाच्या हातचा तार चार बोटांवर तुटायचा. म्हणून रौशनने आठ गुंड्या कातल्या, चार आपल्या, चार पद्मजाच्या. आणि पद्मजाने चोवीस आकृत्या काढल्या, बारा आपल्या, बारा रौशनच्या. लबाडी हा शब्द दोघींनी उच्चारला नव्हता.

वर्गात सगळ्यांबरोबर कातताना रौशन तकली उजव्या हातात धरायची, सरांचा हुकूम म्हणून. तार जाडा यायचा, तुटायचा. घरी ती डाव्या हाताने कातायची, आणि ते सूत सुईच्या नेढ्यातून जायचं. उलट पीळ नावाची काही वस्तू असते हे सोमवारपर्यंत तिला माहीत नव्हतं.

म्हणजे असं:
उजव्या हाताने कातलं तर पद्मजा सुटते, रौशन अडकते.
डाव्या हाताने कातलं तर आपलं सूत आपलं ठरतं, पण उरलेल्या चार गुंड्यांचं काय? आणि पद्मजा सापडली तर वहीसुद्धा

इथून पुढे विचार जात नव्हता. मंगळवारचा भूगोलाचा पेपर तिने अर्धा लिहिला.

रहमत पिंजण खाली ठेवून बसला होता. मिशीत, भुवयांत कापूस. थंडीचे दिवस, रजयांचं काम रग्गड. आपली रौशन मॅट्रिक होणार, यवतमाळला ट्रेनिंग करणार आणि मास्तरीण होणार, हे त्याने गल्लीत इतक्यांदा सांगितलं होतं की लोक त्याला ‘मास्तरणीचा बाप’ म्हणून हाक मारत. तो ओ देई.

“अब्बा, सरायच्या समोर डाव्या हातानं कातलं त चालंन का?”

“जेवाले उजवा. सलामाले उजवा. कापसाले कोणता, ते कुठं लिहून हाये?”

“पन लोकायच्या समोर...”

“लोकायच्या रजया मीच भरतो, पोरी. पांघरतात तवा कोणी पुसत नाई, रहमत, कोणता हात होता म्हून.” तो हसला. मग तिच्याकडे पाहून हसायचा थांबला. “काहून? काय झालं?”

“काही नाई.”

पद्मजाचं तिने सांगितलं नाही. वहीचंही नाही.

बुधवार.

खिडकीखाली सतरंजी. सरांसमोर आठ गुंड्या, एका कागदावर. मुलं एकेक करून बसतात, कातात, उठतात. सर प्रत्येकाचा तार तोडतात, उजवीकडे वळतात. घट्ट. पुढचा. घट्ट. पुढचा. घट्ट. तार घट्ट झाला की सर नावापुढे टिंब देतात. टिंबांची रांग लांबत जाते तसा वर्ग गप्प होतो.

एकोणीस मुलं, एकोणीस टिंबं. मग मुली.

बाविसावी पद्मजा. तिचा तार पाच वेळा तुटला. जो राहिला तो सरांनी वळला. घट्ट. टिंब. ती उठली तेव्हा तिच्या झंपरावर पाठीला घामाचा डाग होता, जानेवारीत.

तेविसावी रौशन.

तिने तकली उजव्या हातात घेतली. फिरवली. तुटला. पुन्हा. तुटला. मागून जफर नावाचा मुलगा पुटपुटला, “वा रे वा, पिंजाऱ्याची पोरगी!” आणि दोघं-तिघं खुसखुसले. तो तिच्याच गल्लीतला होता, म्हणून ते जास्त लागलं.

“वर्गात हे असं,” सर म्हणाले, “अन् घरून येतं ते रेशमासारखं. मग तुझ्या आईलाच बोलावू का टेस्टला? मॅट्रिकला कोण बसणार आहे, तू का आई?”

आता सगळा वर्ग हसला.

रौशनने तकली खाली ठेवली. परकराला तळवे पुसले. पेळू उजव्या हातात घेतला. तकली डाव्या.

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्या बाकांवर ते थोडं रेंगाळलं. तकली भिंगरीसारखी फिरत होती आणि तार वर-वर, तिच्या खांद्याच्याही वर, न तुटता चालला होता. सर वाकले. आधी ते तिच्या हाताकडे पाहत होते, मग ताराकडे, मग पुन्हा हाताकडे.

त्यांनी तार तोडला. उजवीकडे वळला.

उघडला.

“तुझं आहे हे,” सर म्हणाले. आवाज वेगळा होता. “दोन वर्षं बोलली का नाहीस?”

“तुमी उजव्या हातात धरा म्हनलं होतं, सर.”

सरांनी चार गुंड्या उचलून तिच्याकडे सरकवल्या. कागदावर चार राहिल्या.

“आणि या?”

रौशनने आपल्या चार गुंड्या मांडीवर ओढून घेतल्या.

“याही तुझ्याच हातच्या आहेत. पण दुसऱ्या कोणाच्या नावावर जमा आहेत. नाव सांग. नाही तर तुझीही सही नाही.”

ती पद्मजाकडे पाहत नव्हती. फार काळजीपूर्वक पाहत नव्हती. सतरंजीकडे, खिडकीकडे, जफरकडेसुद्धा पाहिलं तिने. फक्त एका बाकाकडे नाही. सर तिची नजर कुठे जात नाही तेच पाहत होते. मग तेही त्या बाकाकडे वळले.

पद्मजा उभी राहिली.

“माझ्या आहेत, सर.” जराशाने: “आणि तिच्या वहीतल्या बाराही आकृत्या मी काढल्यात.”

हे रागाने म्हटलं की खरं बोलायचं म्हणून, ते रौशनला तेव्हा कळलं नाही. नंतरही तिने विचारलं नाही.

किसनराव सरांचा निकाल:

“फॉर्म शनिवारी चारच्या गाडीनं जाणार. पेपरांखेरीज जो वेळ उरंल तो तुम्हा दोघींचा. रौशन, बाराही आकृत्या नव्यानं. पद्मजा, चार नाही, एकच गुंडी, पण तुझ्या हातची. माझ्यासमोर, या खोलीत. बोलायला हरकत नाही. एकमेकीच्या कामाला हात लावायचा नाही.”

इथून पुढे घड्याळ नाही. फक्त तार.

तार १२. दोघी समोरासमोर बसल्या आहेत. पद्मजा बोलत नाही. रौशन डोळ्याची आकृती खोडते, पुन्हा काढते. कागदाला भोक पडतं.

तार ९०. गुरुवार. “पेळू दाबून राह्यली तू,” रौशन वहीतून डोकं न काढता म्हणते. “पाखराचं पिल्लू धरतात तसा धर. दाबला त मरते, सोडला त उडते.” पद्मजा चिमूट सैल करते.

तार २०५. “बेडकाला मान नसते,” पद्मजा म्हणते. बुधवारपासूनचं तिचं पहिलं वाक्य. रौशन मान खोडते.

तार ३३०. “माह्या हाताकडं पाह्य.” रौशन पेन्सिल ठेवून रिकामा डावा हात हवेत फिरवते. पद्मजा समोरून पाहते आणि आपला उजवा तसाच फिरवते. तार न तुटता हातभर लांब निघतो. सर वर्तमानपत्र खाली करतात, पुन्हा वर करतात.

तार ४७०. शुक्रवारचा बीजगणिताचा पेपर दोघींना बरा गेला. पद्मजाच्या आंगठ्याला फोड आला आहे.

तार ५८०. शनिवार, पेपर संपलेले. रौशनची बारावी आकृती पुरी. सर वही उलटूनपालटून पाहतात. लाल शाईने लिहितात: आकृत्या वाईट. स्वतःच्या. खाली सही करतात. रौशनला हसू येतं आणि ती ते गिळते, कारण समोर तार तुटला आहे.

तार ६०२. शिपाई खेमसिंग दारात. हातात लांब पाकीट. “गाडी लागली, सर. बाबूजी पिशवी बांधून राह्यले.” बाबूजी म्हणजे पोस्टमास्तर. पद्मजाचे वडील.

तार ६०६. अडतीस... चौतीस राहिलेत. रौशनला हे दहा मिनिटांचं काम. तिचा डावा हात मांडीवर आपोआप चालतो आहे, आंगठा बोटावर, आंगठा बोटावर. उजव्या हाताने ती पद्मजाइतकीच हळू. डाव्याने काढलेला तार सरांच्या चिमटीत उघडला असता.

तार ६०९. पद्मजा तिच्या हाताकडे पाहते. “देऊ?” ती ओठांनीच विचारते. रौशन हात पुढे करते. अर्धा. मग दोघी एकदमच तो हात पाहतात, आणि रौशन तो परत मांडीवर ठेवते, उजव्या हाताने दाबून धरते.

तार ६१०. बसचा भोंगा.

सर उठले. “सहाशे दहा,” ते म्हणाले आणि वहीत तेवढंच लिहिलं. त्यांचाही हात थोडा थांबला, पण त्यांनी सहाशे चाळीस लिहिलं नाही. पाकीट खेमसिंगने नेलं. पोस्टात सदाशिवरावांनी विचारलं, “किती आहेत?” तो म्हणाला, “बावीस.” त्यांनी लाखेवर शिक्का दाबला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि पिशवी टपावर चढवायला सांगितली.

खोलीत पद्मजा कातत होती. कोणी थांब म्हटलं नाही. बस गेल्याचा आवाज आला, धूळ खिडकीपर्यंत आली आणि बसली. रौशन घरी गेली नाही. समोर बसून राहिली.

तार ६४०. पद्मजाने वीतभर तार तोडला, चिमटीत धरला आणि उजवीकडे वळला. जाडा होता, गाठींचा होता. उघडला नाही.

रौशन डावखुरी नाही. पाच वर्षांची असताना ती तकली शिकली तेव्हा आईच्या शेजारी नव्हे, समोर बसली होती, आरशासमोर बसावं तशी.