नारळ माझ्यावर फोडला तेव्हा

मी ग्राइंडरची चकती बोलतेय. चकती म्हणजे आता तिचा एक तुकडाच, पण बोलायला तुकडासुद्धा पुरतो. ऐकताना माझी कीव मात्र करू नका. मला ती खपत नाही.

कुरुंदाचे कण आणि माती कालवून मला साच्यात दाबलं, भट्टीत भाजलं, मधोमध भोक ठेवलं. झाले मी. लोखंडाला मी भीत नाही, लोखंड मला भितं. माझा एखादा कण बोथट झाला तर तो मी टाकून देते आणि खालचा नवा पुढे येतो. मला कुणी धार लावून दिलेली नाही. माझी मीच लावत आले.

फरीदाबादच्या एका गल्लीत श्यामकांत आणि अहिल्या या मराठी नवराबायकोचं धार लावायचं वर्कशॉप आहे. तिथे माझा जन्म गेला. श्यामकांत सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले. तिथल्या प्रेसच्या दणक्यांनी त्यांचे कान जवळजवळ गेले. हे काम त्यांनीच अहिल्याला शिकवलं, आणि आता तीच त्यांच्या चुका काढते.

मला आणलं त्या दिवशी अहिल्याने मला बोटावर टांगलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकलं. मी टणण वाजले. "धडधाकट आहे," ती म्हणाली आणि मग मला मशीनवर चढवलं. हीच रीत. चकतीतला तडा डोळ्यांना दिसत नाही, आवाजात कळतो. तडा गेलेली चकती जोरात फिरली की फुटते, आणि तुकडे समोरच्याच्या तोंडावर येतात. दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर माझं डोकं फिरतं.

खंडेनवमी आली. इथल्या लोकांची विश्वकर्मापूजा कधीच होऊन गेली होती, पण आमच्याकडे हत्यारं नवमीलाच पुजतात. श्यामकांतांनी माझ्यावरचं लोखंडी झाकण काढलं, मला हळदकुंकू लावलं, मशीनला झेंडूची माळ घातली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी नारळ घेतला आणि फोडायला दगड शोधू लागले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्या लेखी मीही दगडच. माझ्या कडेवर त्यांनी नारळ आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. तेव्हा नारळ फुटला, आणि माझ्या आत, भोकापासून कडेपर्यंत, केसाएवढं काहीतरी सरकलं. अहिल्या तेव्हा घरी प्रसादाचं बघत होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्तावर पहिली धार श्यामकांतच लावतात. पानिपतचं एक गिऱ्हाईक चिंध्या कापायच्या यंत्राची पाती घेऊन दारात उभं होतं. "अंकलजी, ज़रा जल्दी," म्हणून त्याने पुन्हा पुन्हा टुमणं लावलेलं. श्यामकांत बायकोला मराठीत म्हणाले, "पानिपतात घाई केल्यावर आपलं काय होतं, माहीत आहे ना?" स्वतःच हसले, आणि येऊन नेमके माझ्या समोर उभे राहिले. कुंकू पुसलं जाईल म्हणून झाकण अजून बसवलेलं नव्हतं.

त्यांचा हात बटणाकडे गेला. मला ओरडता येत नाही हो. कुणी ठोकल्याशिवाय माझा आवाज निघत नाही.

झाकण बसवायला आलेल्या अहिल्याला माझ्या कडेला अडकलेली नारळाची शेंडी दिसली.

"अहो, नारळ कुठे फोडलात?"

"काय?"

"नारळ. कुठे फोडलात?"

"देवापुढे."

"कुठल्या देवापुढे?"

त्यांनी हनुवटीने मला दाखवलं. अहिल्याने भिंतीतला प्लग उपटला.

मग जुंपली. मुहूर्त टळतोय, पुजलेली वस्तू अशी उतरवायची नसते, नारळच मारला ना, घण तर नाही मारला, असं ते बोलत राहिले. तिने नट सोडला, मला बोटावर टांगलं आणि ठोकलं.

भद्द. माझी मलाच लाज वाटली.

"तडकलीय," ती म्हणाली.

"मला काही फरक वाटत नाही. आणि बाहेरच्या त्या रामलीलेच्या भोंग्यात तुला तरी काय ऐकू आलं? चढव परत."

"नाही चढवणार."

"मग मी चढवतो." त्यांनी मला तिच्या हातातून ओढून घेतलं. तो हट्टी माणूस. खरंच चढवलं असतं.

अहिल्या ओरडली नाही. तिने फळीवरची नवी चकती काढून त्यांच्या दुसऱ्या हाताच्या बोटात अडकवली. "कानाने नको. बोटाने ऐका." तिने ठोकलं. नव्या चकतीची थरथर त्यांच्या बोटातून मनगटापर्यंत गेली. ती उतरवून तिने त्याच बोटात मला अडकवलं. ठोकलं. बोट गप्प.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्याकडून घेतला आणि स्वतः ठोकून पाहिलं. मग मान वळवून, मघाशी आपण जिथे उभे होतो त्या जागेकडे पाहत राहिले.

"पुजलेली वस्तू दसऱ्याला फोडायची?" त्यांनी विचारलं. एरवी सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा तो आवाज किती बारीक झाला होता.

"नाही फोडली, तर कुणीतरी उचलून चढवेल."

मग हातोडा त्यांनीच आणला. मला नमस्कार केला आणि फरशीवर ठेवलं. नारळाला दोन घाव लागले होते. मला एकच पुरला.

आता माझा हा तुकडा त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. अहिल्या विळीला धार लावते ती माझ्यावरच. मी अजून कुणाच्या उपकारावर नाही. नारळ आता ते उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर फोडतात.

तुम्हीही माझ्या बहिणींना हळदकुंकू लावा, माळ घाला, मी नाही म्हणत नाही. पण बटण दाबण्याआधी एकदा ठोकून बघा, आणि ती काय सांगते ते ऐका. कान गेले असतील, तर बोट आहेच.